धुराचा रकाना

सरकारी नोकरीत माणसं डोळे मिटून काम करतात, कान बंद ठेवतात, तोंड तर बंद ठेवावंच लागतं. पण नाक उघडं ठेवून पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात मी एकच पाहिला, आणि तो आमच्या ऑफिसचा डायवर होता. दिग्रसला आमचं ऑफिस आहे. कोणत्या खात्याचं ते विचारू नका, कारण त्यातली निम्मी मंडळी अजून पेन्शन खाऊन आहेत आणि उरलेली माझ्या शेजारी राहतात. मी तिथं क्लार्क आहे. आवक-जावक, टायपिंग आणि गाडीचं लॉगबुक तपासणं हे माझं काम. आणि गाडी ज्यांच्या हातात होती त्यांना साहेबापासून शिपायापर्यंत सगळे काकाजी म्हणत.

काकाजी उंचीनं बेताचे, अंगानं काटकुळे, पण चेहऱ्यावर नाक असं की देवानं आधी नाक केलं आणि मग उरलेल्या मालात काकाजी उरकले. त्या नाकानं ते गाड्या ओळखत. आम्ही आत ऑफिसात बसलेले असायचो, बाहेर कुठली तरी जीप येऊन थांबायची, आणि काकाजी व्हरांड्यातून ओरडायचे, "म्याडम, वरच्या ऑफिसचे सायेब आले. नोजल खराब हाय त्यायचं." मी खिडकीतून बघेपर्यंत वरच्या ऑफिसचे साहेब पायऱ्या चढत असायचे. जिल्ह्याला मीटिंग असली की बाकीचे डायवर झाडाखाली पत्ते कुटत. आमचे काकाजी उभ्या गाड्यांच्या मागून एक फेरी मारत, प्रत्येक सायलेन्सरपाशी वाकत आणि मान हलवत पुढं जात. एका मोठ्या साहेबांच्या गाडीमागं ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले, तर त्या साहेबांच्या डायवरनं काही हरवलं का म्हणून विचारलं. काकाजी म्हणाले, "हरवलं काही नाई बावा. तुह्या सायबाची पिष्टन रिंग गेली, तेवढं सांग त्यायले." त्या साहेबांना निरोप पोचला तो भलत्याच अर्थानं, आणि आमच्या साहेबांना त्यावर लेखी खुलासा द्यावा लागला.

तर धूर हा काकाजींचा वैरी होता. डायवरनं धुराशी वैर धरायचं म्हणजे आचाऱ्यानं फोडणीशी धरण्यासारखंच, पण त्यांनी धरलं होतं आणि निभावलंही. सरकारी लॉगबुकात तारीख, कुठून कुठं, अंतर, डिझेल, प्रवासाचं कारण आणि कोण बसलं एवढेच रकाने असतात. काकाजींना ते अपुरे वाटत. त्यांनी पट्टी घेऊन लाल पेन्सिलीनं प्रत्येक पानावर शेवटी आपला एक रकाना आखला होता आणि वर लिहिलं होतं, "धूर". त्यात रोज नोंद व्हायची. "करडा." "काळा." "चढावर फार काळा." "साहेबांना घाई होती म्हणून जास्त." एकदा नुसतंच "अरे देवा" असं लिहिलेलं होतं, आणि त्यावर मी तपासलं म्हणून सही करून बसले होते!

ऑडिटवाल्यांच्या नजरेतून काहीही सुटेल, पण जास्तीचा रकाना सुटत नाही. एका वर्षी त्यांनी शेरा मारला की धुराच्या नोंदीस कोणताही आधार दिसून येत नाही. मी काकाजींना म्हटलं, आता काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा. ते थेट बाहेर गेले, खिशातला धुतलेला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडावर धरला, जीप चालू केली, तीनदा रेस केली आणि तो रुमाल आणून माझ्या टेबलावर ठेवला. मग स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहिलं, "आधार सोबत जोडला आहे." तो रुमाल मी टाचणीनं फाईलला लावला, त्याला पान क्रमांक दिला आणि पाठवला. आक्षेप निकाली निघाला. फाईल परत आली, तरी पुढं कित्येक दिवस तिला हात लावला की माझी बोटं काळी व्हायची.

ती सगळी बोंडअळीची वर्षं. कापसाची पऱ्हाटी दिसायला हिरवीगार, बोंडं टपोरी, आणि फोडून पाहिलं की आत गुलाबी अळी आरामात झोपलेली. पंचनाम्यासाठी साहेबांना रोज गावोगाव फिरावं लागे. लोक आधीच कावलेले, आणि त्यात काकाजींचा नियम असा की गावाच्या अलीकडं दोनशे पावलांवर जीप बंद करायची. "गावात लेकरं असतेत सायेब, म्हातारे असतेत. आपला धूर त्यायच्या घरात कायले न्यायचा?" साहेब रागावत, काकाजी किल्ली खिशात घालून शांतपणे बीडी न ओढता उभे राहत. बीडी अर्थातच ते ओढत नसत, पण ज्या ऐटीत इतर डायवर बीडी ओढत उभे राहतात त्याच ऐटीत हे नुसते उभे राहत. बिचारे साहेब भर उन्हात, ढेकळं तुडवत, घामाघूम होऊन बांधावर पोचत. आणि गंमत बघा, दोन महिन्यांत तालुकाभर बोभाटा झाला की हा साहेब मोठा साधा, शेतकऱ्याच्या वावरात पायी येतो. आर्णीकडच्या एका गावानं तर शाल-नारळ देऊन सत्कार केला. सत्काराच्या भाषणात साहेबांनी पायी चालण्याचं महत्त्व सांगितलं, आणि मागं उभे असलेले काकाजी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

हा धुराचा राग मुळात कुठून आला ते कळलं त्या दिवसापासून मात्र मला त्यांची थट्टा करताना जीभ जराशी अडखळू लागली. काकाजींच्या घरी काकू होत्या. काकूंनी लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायचं काम केलेलं. दिग्रसच्या जिनिंगांत हंगामाला हवाच पिंजलेल्या कापसासारखी असते, श्वास घेतला की तंतू आत जातात. काकूंना दमा लागला तो लागलाच. जिनिंग सुटलं, दमा सुटला नाही. आणि त्यात सगळ्यांत वाईट सोसायचा तो डिझेलचा धूर. नुसत्या वासानं छातीत शिट्टी वाजू लागायची. म्हणून काकाजी जीप कधीच घराजवळ नेत नसत. नाल्यापलीकडच्या लिंबाखाली उभी करायचे, तिथून पायी घरी, अंगणात आंघोळ, कपडे बाहेरच्या दोरीवर, आणि मग घरात पाऊल. थंडीत सुद्धा. शेजारच्या बायांना आधी वाटलं की हा माणूस रोज कुठल्या तरी मयतीला जाऊन येतो.

काकू मोठ्या गमत्या. मी घरी गेले की म्हणायच्या, "म्याडम, साऱ्या तालुक्याले यायनं जीपीत बसवलं. साहेब बसले, तलाठी बसले, पंचनाम्याचे पंच बसले, एक डाव तं बकरी बसली. एक मीच राह्यली." हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या. पस्तीस वर्षं नवरा गाडी चालवतो आणि बायको एसटीच्या खिडकीला पदर लावून माहेरी जाते. एक तर धूर, आणि दुसरं म्हणजे नियम. सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही असा नियम, आणि नियम म्हणजे काकाजींना आईच्या जागी. एका साहेबांच्या मिसेस एकदा हक्कानं जीपमध्ये बसून बाजारात गेल्या, तर काकाजींनी लॉगबुकात स्वच्छ लिहिलं, "प्रवासी : साहेबांच्या मिसेस. कारण : मेथीची जुडी व इतर भाजी. धूर : करडा." त्यानंतर आमच्या कुठल्याच साहेबांची मिसेस त्या जीपच्या पायरीवर चढली नाही. जो माणूस साहेबांच्या मिसेसला सोडत नाही, तो स्वतःच्या मिसेसला काय सोडणार!

अशात वरून परिपत्रक आलं. शासनाच्या जुन्या गाड्या टप्प्याटप्प्यानं काढून त्याजागी बिनधुराच्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या देण्यात येतील. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकाजी खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत ऑफिसातल्या खुर्चीवर बसलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावलं आणि मग विचारलं, "म्याडम, मी रिटायर व्हायच्या आंधी येईन का हो?" रिटायरमेंटला सव्वा वर्ष होतं. मी सरकारी कामाचा वेग मनात धरून पुढचं टपाल उघडलं. पण चमत्कार म्हणा, आमचं नशीब म्हणा, जिल्ह्याला आलेल्या मोजक्या गाड्यांतली एक आमच्या वाट्याला आली. काकाजींची नोकरी तेव्हा साडेतीन महिने उरली होती.

पांढरी गाडी आली. हार घातला, नारळ फोडला. नवे साहेब तरणे, पुण्याकडचे, त्यांनी फोटो काढले. काकाजी तोवर गाडीमागं उकिडवे बसून वास घेत होते. पंधरा मिनिटं झाली तरी उठेनात. साहेब म्हणाले, "काका, काय शोधताय?" काकाजी म्हणाले, "सायलेन्सर, सायेब." "त्याला सायलेन्सर नसतो." काकाजी उठले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मी जुन्या जीपचं विचारलं, की एवढी वर्षं सोबत काढली, वाईट नाही का वाटत? तर म्हणाले, "कायचं वाईट? पोटभर धूर पाजला तिनं मले." तरी लिलावाच्या दिवशी लिंबाखाली जाऊन एक उदबत्ती लावून आले, आणि परत आल्यावर उदबत्तीचा धूर लागला म्हणून पुन्हा आंघोळ केली.

गाडी सुरेख होती, पण काकाजींच्या हातात ती सुखानं कशी चालेल! तिला आवाज नाही म्हणून रस्त्यातल्या गाई-म्हशी हलत नसत, आणि हॉर्न म्हणजे शिवी असं काकाजींचं मत. म्हणून ते खिडकीतून डोकं काढून, "येऊन राह्यलो बरं का माय, येऊन राह्यलो," असं गाईंना सांगत जात. दुसरं म्हणजे चार्जिंग. ऑफिसातल्या प्लगवर ही गाडी पुरती भरायला पूर्ण रात्र लागायची. पण काकाजी संध्याकाळी सव्वासहाला प्लग काढत. "ऑफिस बंद झाल्यावर सरकारी लाईन वापरनं बरोबर नाई." साहेबांनी समजावलं, मी समजावलं, चौकीदारानं हात जोडले. काकाजी ऐकेनात. तशी लेखी परवानगी कुठं आहे, असं ते विचारत. आणि ऑफिसच्या वेळेत गाडी फिरतीवर असायची, नाहीतर लाईन गेलेली असायची. त्यामुळं ती गाडी काकाजींच्या हातात असेपर्यंत कधीही पोटभर जेवली नाही.

एके दिवशी काकाजी माझ्या टेबलापुढं उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "म्याडम, एक अर्ज टाइप करून देता का?" मी कीबोर्ड ओढला. विषय त्यांनी पाठच करून आणला होता: सेवानिवृत्तीच्या दिवशी पत्नीस शासकीय वाहनात एक वेळ बसविण्याची परवानगी मिळणेबाबत. ऑफिस ते राहतं घर. कारणात लिहिलं होतं, "सदर वाहनास धूर नाही." मी हसले नाही. टाइप करून दिला. साहेब चांगले माणूस, म्हणाले, "अहो काका, बसवा की! कोण बघतंय? मी सांगतो ना." काकाजी म्हणाले, "सायेब, तोंडी नाई चालत." मग अर्ज रीतसर माझ्याकडेच आला, टिप्पणी लिहायला. मी नियमांचं पुस्तक दोन दिवस उलटंपालटं केलं. शेवटी लिहिलं, "तरतूद आढळून येत नाही." तेवढं लिहिलं आणि मला माझाच राग आला. पण क्लार्कच्या हाताला तेवढंच लिहायची सवय असते हो, दुसरं काही सुचत नाही. काकाजींनी टिप्पणी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मलाच धीर दिला, "बरोबर लिवलं म्याडम. नाई तं नाई." मी म्हटलं, निदान उभ्या गाडीत तरी बसवा काकूंना. तर ते म्हणाले, मी बोललो होतो. काकू म्हणाल्या, उभ्या ठिकाणी बसाले तं माही खाट बी हाय.

काकाजींचा शेवटचा दिवस सोमवारी आला, आणि नेमका त्याच दिवशी पोळा. आता पोळ्याला सुट्टी. पण साहेबांना वरून सूचना होती की नव्या गाडीचा लोकांत प्रचार करा. साहेबांनी आयडिया काढली की पोळ्याला सारा गाव एका जागी जमतो, तिथंच गाडी न्यायची. आणि गाव निवडलं काकूंच्या माहेरचं, वीसेक किलोमीटरवरचं. काकाजींना तेवढाच मान, असं साहेबांच्या मनात. काकू आदल्याच दिवशी एसटीनं पुढं गेल्या होत्या. सोमवारी सकाळी मी आणि साहेब गाडीत बसलो तर समोरच्या पडद्यावर चौदा टक्के. साहेब ओरडले, "काका! दोन दिवस गाडी उभी होती ना?" काकाजी शांतपणे म्हणाले, "शुक्रवारी दुपारून लाईन नोती. अन् शनिवार-रविवार ऑफिस बंद होतं, सायेब."

जायला पुरेल, परत यायला तिकडं साळ्याच्या घरी लावू, असा काकाजींचा हिशेब. तो चुकलाही नसता, पण साहेबांना घाम फार. ते म्हणाले, एसी लावा. काकाजींनी बाजूला पाहिलं आणि विचारलं, "सायेब, थंडी पाह्यजे का गाव पाह्यजे?" साहेबांना दोन्ही पाहिजे होतं. नऊ टक्के झाले तेव्हा एसी बंद झाला. सहा टक्क्यांना काकाजींनी साहेबांच्या मोबाईलची वायर काढून घेतली. चारला एक चढ आला, तिथं गाडी थांबवून काकाजी मागं वळले आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, "म्याडम, चढ हाय." मी उतरले. चढ संपेपर्यंत त्या बिनधुराच्या गाडीमागून मी पायी चालले, आणि खरं सांगते, मागून चालायला फारच सुखाची गाडी होती. एवढं करून गावाच्या अलीकडं, समोर आखरावरचं, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मैदानावरचं, आंब्याच्या पानांचं तोरण दिसत असताना, गाडीनं मान टाकली.

गाव धावून आलं. काकूंचे भाऊ सगळ्यांत पुढं. गावातही सकाळपासून लाईन नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "मग बैल लावून ओढा ना! एवढे बैल उभे आहेत." सगळे चपापले. काकूंचे भाऊ समजुतीनं म्हणाले, "सायेब, आज पोळा हाय. आज बैलायच्या खांद्यावर जू ठेवत नाई. आज त्यायची सुट्टी." सरकारी नोकर असून साहेबांना सुट्टीचं महत्त्व कळलं नाही याचं लोकांना नवल वाटलं. मग कोणीतरी ट्रॅक्टर आणला. भडाभड काळा धूर ओकत तो आमच्यापुढं येऊन उभा राहिला. काकाजी हात पसरून गाडीच्या आडवे झाले. "नाई! बिनधुराची गाडी धुराच्या मागं नाई जाणार! आज माहा शेवटचा दिवस हाय." ट्रॅक्टरवाला बिचारा उलट्या पावली परत गेला. पण एवढ्या धुरानंही जे व्हायचं ते झालंच. गर्दीतून खोकण्याचा आवाज आला. काकू आल्या होत्या, बाजेच्या पायासारख्या बारीक, नवं हिरवं लुगडं नेसून, तोंडाला पदर लावून.

काकाजी त्यांच्याकडं बघत राहिले. मग गाडीकडं पाहिलं. मग एकदम माझ्याकडं वळून, ऑफिसात विचारावं तसं विचारलं, "म्याडम, नियमात वाहन कायले म्हनते?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "यंत्राच्या शक्तीनं चालतं त्याला, काकाजी."

"अन् हे मानसायनं ढकललं तं?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पदर खोचला, घसा साफ केला आणि साऱ्या गावासमोर खणखणीत आवाजात टिप्पणी दिली, "माणसांच्या शक्तीनं चाललं तर ते वाहन या व्याख्येत बसत नाही. सबब वाहनाचे नियम त्यास लागू होत नाहीत." साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "मान्य," आणि बाह्या सरसावून स्वतः गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले.

काकाजींनी पुढचं डावं दार उघडलं. ती साहेबांची सीट. काकूंनी विचारलं, "चालू हाय का?" काकाजी म्हणाले, "नाई." "धूर?" "नाई." "मंग बसतो," म्हणाल्या आणि बसल्या. पदर सावरला, काच खाली करायला लावली आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर मागं वळून पाहिलं की साहेब नीट ढकलतात की नाही.

ढकलली! वीस-पंचवीस गडी, साहेब, मी, काकूंचे भाऊ, सगळ्यांनी मिळून ती पांढरी गाडी ढकलत बैलांच्या रांगेत नेली. एका बाजूला काकूंच्या माहेरची बैलजोडी, दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी एक रागीट गोऱ्हा. बायांनी बैलांना ओवाळलं आणि हात न थांबवता गाडीलाही ओवाळलं. कोणी बॉनेटवर झूल टाकली, कोणी दोन्ही आरशांना शिंगांसारखं बेगड गुंडाळलं. पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणायची रीत आहे, एकानं तिथल्या तिथं रचून ललकारी दिली, "ना शिंग, ना शेपूट, ना खाय ढेप, चारशे पावलायची घेतली झेप!" आणि साऱ्या आखरानं हर हर महादेव केला. साहेब गुलालानं माखलेले, घामानं निथळलेले, एसीची आठवणसुद्धा न होता हसत होते.

मी मात्र खिडकीशी होते, म्हणून मी पाहिलं ते दुसऱ्या कोणी पाहिलं नाही. काकाजी स्टिअरिंग धरून बसले होते, पण त्यांचं लक्ष समोर नव्हतं. जन्मभर नाकावर चाललेला माणूस त्या चारशे पावलांत नुसता कान होऊन बसला होता, आणि तो कान काकूंच्या छातीकडं लावलेला होता. शिट्टी वाजली नाही. तोरण आलं, गाडी थांबली, तरी वाजली नाही. काकू सावकाश एक लांब श्वास घेऊन म्हणाल्या, "येवढंच होतं का हो? मले वाटे लय मोठं असन." आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "पन बरं वाटलं." काकाजींनी मान खाली घातली. मी तोंड फिरवलं, कारण मलाही काही दिसेनासं झालं होतं.

पुरणपोळ्या झाल्या. सव्वासहा वाजले तसे काकाजी उठले, गाडीची किल्ली साहेबांच्या हातात दिली, एक कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "सायेब, आता मी खाजगी मानूस." एवढं बोलून ते खरंच काकूंबरोबर सासुरवाडीच्या ओसरीवर जाऊन टेकले. साहेब आणि मी, शासनाच्या बिनधुराच्या धोरणाचे दोन प्रचारक, त्याच ट्रॅक्टरवर बसून, धूर खात दिग्रसला परतलो. गाडी दोन दिवसांनी पिठाच्या गिरणीवर चार्ज होऊन आली. तिच्या फटींतून महिनाभर गुलाल निघत होता.

लॉगबुक पुढच्या आठवड्यात माझ्याकडं तपासायला आलं. शेवटच्या दिवसाची नोंद काकाजींच्या टपोऱ्या अक्षरात होती. जाताना वीस किलोमीटर, आणि त्याखाली वेगळी ओळ. "अंतर : चारशे पावले. शक्ती : माणसे. प्रवासी : सौ." पुढं त्यांचा तो लाल रकाना, "धूर : नाही." आणि त्याच्याही पुढं, कागदाच्या अगदी कडेला, त्या दिवसापुरता आणखी एक रकाना आखलेला होता. त्यात लिहिलं होतं, "खोकला : नाही." साहेबांनी विचारलं, "याचं काय करायचं?" मी म्हटलं, "हरकत आढळून येत नाही, साहेब." त्यांनी सही केली.

आता सरकारी कामाची एक रीत असते. नवा माणूस येतो, तो मागचं पान बघतो आणि जसं असेल तसं पुढचं पान आखतो. काकाजींच्या जागी आलेल्या डायवरनं तेच केलं. त्यानंतरच्यानंही. का, कशासाठी, हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आमच्या आवारात आता तीन गाड्या आहेत, तिन्ही विजेच्या, आणि तिन्हींच्या लॉगबुकात रोज संध्याकाळी, ज्यांनी काकूंना कधी पाहिलंही नाही असे डायवर इमानेइतबारे लिहितात, धूर नाही, खोकला नाही.

काकू त्यानंतर तीन पोळे पाहून गेल्या. काकाजी अजून महिन्यातून एकदा पेन्शनच्या कामाला आले की माझ्या टेबलाशी थांबतात. आधी आवारातल्या गाड्यांमागून एक फेरी मारून आलेले असतात, सवयीनं. मग म्हणतात, "म्याडम, बुक पाहू जरा." मी काढून देते. ते चष्मा लावतात, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवतात आणि महिनाभराच्या ओळी वरून खाली सावकाश वाचत येतात.

"एक दिवस बी नाई का हो?" ते विचारतात.

"एकही दिवस नाही, काकाजी," मी सांगते.

"मंग बरी हाय," ते म्हणतात, बुक मिटतात आणि एसटी धरायला जातात.